उत्तर मुलानं दिलं

गोकुळच्या धाकट्या बहिणीचं, अपेक्षाचं लग्न झालं ते साल दोन हजार तेवीस. मांडवातच पाहुण्यांच्या लक्षात आलं की तिची आई वच्छलाबाई फार वाळली आहे. लेक सासरी गेली आणि गोकुळनं आईला लासूर स्टेशनहून संभाजीनगरला आपल्या खोलीवर आणलं. डॉक्टर अप्पारावांचा दवाखाना धरला. कंपनीत सुट्टी टाकायची, मोटारसायकलवर आईला न्यायचं, नंबर लावायचा. गल्लीतले लोक म्हणत, पोरगा असावा तर असा.

डॉक्टर विचारायचे, "काय होतंय?"

"ॲसिडिटी, सर," गोकुळ सांगायचा. "जेवण जात नाय. चक्कर येती. कमजोरी हाय."

"झोप?"

"झोपती की निवांत."

वच्छलाबाई पदर तोंडाशी धरून फरशीकडं बघत बसायची. चिठ्ठी गोकुळच्या हातात पडायची.

त्याच खोलीत कोपऱ्याला एक बाई वही घेऊन बसत. त्या डॉक्टर सत्यशीला. साध्या दवाखान्यात रोगी आणि डॉक्टर एकमेकांशी काय बोलतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वच्छलाबाईला विचारलं होतं, "मावशी, मी इथं बसले तर चालेल का?"

"बसा की मॅडम, तिला काय," गोकुळ म्हणाला होता.

चौथ्या खेपेला अप्पाराव चिठ्ठी लिहायला लागले, तेव्हा सत्यशीलाबाई उठल्या. "सर, रागावू नका. आधी हे बघा." त्यांनी वही दोघांपुढं ठेवली.

चार तारखा. डॉक्टरांचे प्रश्न. आणि प्रत्येक प्रश्नापुढं एकच वाक्य: उत्तर मुलानं दिलं. रोगी काय बोलला, ती जागा चारही वेळा कोरी.

गोकुळ हसला. "तिला बोलायची सवय नाय मॅडम. तिचं समदं मलाच ठाव असतंय."

"मी इथं बसू का, हे मी त्यांना विचारलं होतं. तेही उत्तर तुम्हीच दिलंत."

गोकुळचं हसू तोंडावरच राहिलं. अप्पारावांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. तीस वर्षांची प्रॅक्टिस होती त्यांची. "चल गोकुळ," ते म्हणाले, "आपण दोघं बाहेर बसू."

दोघं रोग्यांच्या बाकावर बसले. वीस मिनिटं झाली तरी दार उघडेना.

"सर, एवढं काय बोलत असंल ती?"

"तेच मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले.

सत्यशीलाबाई बाहेर आल्या. "पोराला तुम्हीच सांगा, असं आई म्हणाल्या. त्यांची पाळी जाऊन बारा वर्षं झाली. आणि आता नऊ महिने अंगावरून रक्त जातंय."

नऊ महिने! म्हणजे अपेक्षाच्या लग्नाच्याही आधीपासून. गोकुळला आता आठवलं. आई पहाटे उठून आपलं लुगडं वेगळं धुवायची. त्याला वाटायचं, तिला कामाची हौस.

तो आत गेला. "माय, मला का नाय सांगितलं?"

"पोटच्या पोराला कसं सांगू रं? अन् डाक्टर इचारायचा तवा तूच म्होरं."

"मग मला भाईर जा म्हणायचं."

"तू सुट्टी टाकून यायचास बाबा. तुला भाईर जा कसं म्हणू?"

तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग निघाला, बराच पुढं गेलेला. मोठ्या दवाखान्यात उपचार झाले. तिथल्या प्रत्येक डॉक्टरशी वच्छलाबाई स्वतः बोलली आणि गोकुळ दाराबाहेर बसला.

अप्पाराव आता रोग्यासोबत आलेल्याला पाच मिनिटं बाहेर बसवतात. एकदा कडुबा नावाचे गृहस्थ ऐकेनात. "आमच्या हिला सांगता येत नाय," म्हणाले. आईला घेऊन आलेला गोकुळ बाकावरून बोलला, "घरात तुमच्याशी भांडती का?"

"लई भांडती."

"मग येतंय की सांगता. बसा इथं."

तुम्हीआम्ही सगळेच घरातल्या बाईला दवाखान्यात नेतो आणि आपण लई केलं असं समजतो. नेणं ही अर्धीच सेवा. डॉक्टरनं विचारलं की आपण गप्प बसायचं आणि गरज पडली तर उठून बाहेर जायचं, ही उरलेली अर्धी. गोकुळला ती उशिरा कळली.

वच्छलाबाई रविवारी, ९ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी लासूर स्टेशनच्या घरी वारली.