सासूबाईंच्या मशीनचा भाव

सासूबाई गेल्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचं घर रिकामं करायचं ठरलं. भांडी, गाद्या, कपाट यांची वाटणी अर्ध्या दिवसात उरकली. राहिलं ते खिडकीपाशी उभं असलेलं पायमशीन. मूळचं सासूबाईंच्या आईचं, म्हणजे शंभरीच्या घरातलं. पण गेली एकोणीस वर्षं इथे येऊन त्यावर सूनच शिवत होती. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. संसाराला तिचा जो काही हातभार लागला, तो त्याच मशीनवरून.

"घेऊन जा गं," नणंद म्हणाली. "मी काय करणार त्याचं? तुला दिलं असं समज."

सुनेला ते 'दिलं' खटकलं. दिलेली वस्तू पुढे दहा जणांत बोलून दाखवली जाते, हे तिने याच घरात पाहिलं होतं.

"फुकट नको, ताई. भाव ठरवू. त्यातलं निम्मं तुमचं."

सुनेच्या नवऱ्याने दोघींकडे पाहिलं, "तुमचं तुम्ही बघा" म्हणाला आणि माळा आवरायला शिडीवर चढला. तो बराच वेळ खाली उतरला नाही.

नणंदेने ओळखीचा जुन्या वस्तूंचा व्यापारी बोलावला. त्याने मशीन चालवून पाहिलंच नाही. बिडाच्या पायांवरची नक्षी तेवढी चाचपली.

"पंधरा हजार. वरचं मशीन काढून टाकायचं आणि पायांवर काच बसवायची. हॉटेलवाले अशी टेबलं हातोहात उचलतात."

नणंदेने लगेच व्यापाऱ्याला चहा विचारला. सुनेला तिचा राग आला नाही. साडेसात हजार समोर दिसल्यावर कोणीही तेच करेल. पण वरचं मशीन काढून टाकायचं, हे तिला बघवणार नव्हतं. तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. तरी मशीन सोडायचं नाही, हे तिने तिथेच पक्कं केलं.

"उद्यापर्यंत थांबा," तिने व्यापाऱ्याला सांगितलं. "अजून एकाला दाखवते."

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त करणारे तेलकाका आले. मशीनची तक्रार कोणतीही असो, हे आधी तेल सोडणार, म्हणून हे नाव पडलेलं.

"ते तुझ्याच बाजूने बोलणार," नणंद कुजबुजली.

"म्हणून तुम्ही समोर बसा. मी मध्ये बोलणार नाही."

काकांनी पट्टा उतरवला, चाक फिरवलं, दुहेरी कापडावर टीप मारून पाहिली. मग आडवे होऊन खालून टॉर्च मारला आणि नणंदेला वाकायला लावलं. डाव्या पायाला आतून तडा होता, लोखंडी पट्टी मारून सांधलेला.

"शिवायला हा तडा नडत नाही. शिवणारं माणूस याचे आठ हजार सुखाने देईल. टेबल करायचं तर वर जड काच येणार, ती हा पाय पेलणार नाही. व्यापाऱ्याला हे सांगितलंत का?"

"कशाला सांगायचं?" नणंद म्हणाली.

"सांगायचं, ताई," सून म्हणाली आणि तिने फोन लावला. तड्याचं ऐकताच पलीकडून व्यापारी म्हणाला, "पाच."

नणंदेने सुस्कारा सोडला. "सुटलीस. अडीच दे मला."

"नाही, चार. मी शिवणारी आहे, मला ते आठाला पडतं."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पाच म्हणाला ना तो?"

"तो भाव पायांचा झाला. मी अख्खं मशीन घेतेय."

आता नणंदही हट्टाला पेटली. "बरं. मग वरची फळी कोणी बदलली? खालच्या दोऱ्याचं शटल कोणी घातलं? ते वजा कर. मलाही फुकटचं नको."

तेलकाका तेलाची बाटली धरून उभेच होते. "घेणारी वाढवतेय आणि विकणारी पाडतेय," ते म्हणाले. "माझी मजुरी तरी नक्की कोण देणार, तेवढं ठरवा."

दोघी हसल्या. फळी-शटलचे हजार वजा होऊन शेवटी साडेतीनवर आलं. सुनेने पैसे दिले आणि एका कागदावर 'विकत घेतलं' असं लिहून घेतलं. नणंदेने सही केली आणि आजही माळ्यावरच असलेल्या भावाला हाक मारून खाली बोलावलं. तिघांनी मिळून मशीन जिन्यावरून उतरवलं; जड बाजू नणंदेने धरली होती.

दुसऱ्या दिवशी सुनेने ते आपल्या भाड्याच्या खोलीत दाराजवळ, उजेडाला मांडलं, आणि अडकून पडलेले सहा पडदे दुपारपर्यंत शिवून हातावेगळे केले.