काळी बोटे

वेंडेलकाकांच्या अंगणातील साऱ्या माणसांचे डोळे दोरीवर टांगलेल्या एका पांढऱ्या फडक्यावर खिळले होते. अर्धा तास ते फडके माझ्या धाकट्या बहिणीच्या, इलोनाच्या, मानेवरील गाठीवर होते. तिसा नदीवरून वर चढलेल्या उन्हात आता त्यावर एक काळी रेघ उमटली, तिला फाटे फुटले, फाट्यांना तंतू.

"ही रोगाची मुळं," काका म्हणाले. "उपटली मी. ही बोटं बघा. लोकांचे रोग ओढून ओढून काळी पडलीत."

एका बाईने ती बोटे डोळ्यांना लावली. मंगळवारचे ऑपरेशन आता कशाला, असे इलोनाने मला हसतमुखाने विचारले.

मी हातमोजे काढले. भर उन्हाळ्यात ते घालते म्हणून गाव मला हसते. माझी दहाही बोटे तशीच काळी होती.

"मी तर कुणाचाच रोग ओढला नाही, काका."

बारा वर्षे मी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शरीराचे पातळ काप चांदीच्या पाण्यात बुडवते आहे. त्याने बोटे काळी पडतात, तसेच एरवी न दिसणारे धागेही काळे होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पानगळीतल्या रानासारखे उभे राहतात. इलोनाच्या गाठीचा कापही मीच रंगवला होता. त्यातली धाग्यांची जाळी फाटली होती, म्हणजे गाठ पसरू लागली होती. पण डॉक्टरांच्या मते वेळ अजून गेली नव्हती.

गेल्या रविवारी चर्चबाहेर काकांची बोटे पाहिली, तेव्हापासून चांदीच्या पाण्याची एक बाटली माझ्या पिशवीत होती. कोऱ्या रुमालावर मी त्या रंगहीन पाण्याने झाड काढले आणि रुमाल कोणाच्याही अंगाला न लावता दोरीवर टांगला.

"श्रद्धेवाचून काही उमटत नाही, पोरी," काका म्हणाले.

झाड उमटले. मुळांसकट.

"रुमालाला कुठला रोग झाला होता मग?" मागून एका म्हाताऱ्याने विचारले. कोणी हसले नाही.

काका घरातल्या अंधारात याच पाण्याने फडक्यावर मुळे काढून ठेवतात आणि उरलेले काम ऊन करते, हे मी सर्वांना सांगितले. मग बहिणीकडे वळले.

"इलुश, चांदीला रोग कळत नाही, देवही कळत नाही. तिला फक्त ऊन कळतं. आत्ता तुझ्याच डोळ्यांनी पाहिलंस. त्या डोळ्यांवर विश्वास ठेव. मंगळवारी येशील ना?"

तिने दोन्ही फडक्यांकडे पाहिले. मग काकांचे फडके उतरवले, घडी करून गाठीवर बांधले, आणि फाटकाबाहेर निघून गेली.