ॲशकूमची शेजारीण

"डॉर्सेटची कुणी आहे का गं तुमच्यात? ॲशकूमकडची?"

केझायानं ओढ्याकाठी टेकलेल्या बायांना विचारलं. त्या सकाळीच इंग्लंडहून आलेल्या कैद्यांच्या जहाजातून ऑस्ट्रेलियाकडच्या होबार्टला उतरल्या होत्या. तुरुंगाकडे नेताना शिपायानं त्यांना घडीभर बसू दिलं होतं. जमीन अजून डोलतेय असं वाटून दोघीतिघींनी गवत मुठीत धरलेलं.

केझायाही एकदा अशीच उतरली होती, चोरलेल्या एका चादरीपायी. शिक्षा कधीच संपली. आता ती लोकांचे कपडे धुवायची. हात साबणात आणि मन ॲशकूमला. ते तिचं आजोळ. तिला पकडून नेल्यावर तिच्या आईनं तिच्या छोट्या लेकीला, हेस्टरला, तिथं नेलं, एवढंच तिला कळलं होतं. सफरचंदांच्या बागेशेजारचं ते दार आणि दारात उभी हेस्टर. इतकी वर्षं तिनं त्या पोरीला मोठी होऊच दिलं नव्हतं. आता मायदेशी निघालेली एक मेजरीणबाई तिला मोलकरीण म्हणून सोबत न्यायला तयार होती. जहाज उद्या सुटणार होतं.

"मी आहे ॲशकूमची," एक पोरगी म्हणाली. थर्झा तिचं नाव.

"हेस्टरला ओळखतेस? आजीपाशी वाढलेली?"

"गिरणीवाल्याची सून ना? ओळखते तर! दोन लेकरं आहेत तिला. दर ईस्टरला आईच्या नावानं चर्चमध्ये फुलं ठेवते."

"आईच्या नावानं?"

"आई तापानं गेली ना तिची. सासरचेसुद्धा त्या माउलीचं नाव आदरानं घेतात." थर्झा फिसकन हसली. "नाहीतर आमच्यासारखीच्या पोरीला कोण सून करून घेतंय? तुम्ही कोण तिच्या?"

केझाया वाहत्या पाण्याकडे बघत राहिली. दारातली पोर हळूहळू उंच झाली, वळली आणि आत गेली.

"शेजारीण," ती म्हणाली.

"मग जाणार का परत गावी?"

"जाणार होते. मेजरीणबाईंना आता दुसरी कुणी बघायला सांगते."

थर्झा हलकेच म्हणाली, "मावशी, आत गेल्यावर केस कापतात म्हणे?"

"कापतात."

थर्झानं मानेवरची जट मुठीत धरली. केझायानं आपल्या डोक्यातली फणी काढली आणि पोरीच्या मागे गवतात बसली. शिपायाची हाक येईपर्यंत ती खाऱ्या पाण्यानं चिकटलेला एकेक गुंता, न ओढता, सोडवत राहिली.