महूहून आलेलं इंजिन

विमान तयार होऊन दोन वर्षं झाली होती आणि फ्रीगंजमधल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत ते भिंतीला टांगलेलं होतं, कारण त्याला साजेसं इंजिन मला मिळत नव्हतं. साडेपाच फूट पंखांचं, हवेत कसरती करणारं, रेडिओवर चालणारं ते विमान मी एकोणसत्तर सालच्या एका परदेशी नकाशावरून पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये, सुट्टीच्या दिवशी बसून, बाल्सा लाकडाची एकेक फासळी कापून बांधलं होतं. नवी इंजिनं आता मिळू लागली होती. चौऱ्याण्णव साल होतं, बाहेरच्या मालावरची बंधनं सैल झाली होती, आणि दिल्लीचा एक दुकानदार रंगीत छापलेली यादी पोस्टानं घरी पाठवायचा. ती यादी मी रात्रंदिवस चाळली, पण मला हवं होतं ते त्यात नव्हतं. त्या काळच्या विमानाला त्या काळचंच इंजिन हवं, दहा सीसीचं, बाजूनं धूर सोडणारं, जरा खरखरत्या आवाजाचं, हा माझा हट्ट होता.

"यार पोतनीस, तू काय करून राहिलास? माणसं नवीन मिळतं म्हणून खूश आहेत अन् तू कबाड शोधतोस," असं माझा इंदूरचा मित्र सुहास म्हणायचा. पण शेवटी इंजिन त्यानंच आणलं. महूच्या छावणीत एक बंगला रिकामा होत होता, तिथलं सामान विकायला काढलं होतं, त्यात खिळ्यांच्या डब्याखाली एका मऊ, निळ्या फडक्यात गुंडाळलेलं त्याला ते सापडलं.

इंजिन पुरतं गच्च बसलेलं होतं. या इंजिनांच्या इंधनात एरंडेल मिसळतात, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते आत लाखेसारखं सुकतं. मी ते स्वयंपाकघरात जुन्या तव्यावर ठेवून मंद आचेवर तापवू लागलो. एरंडेलाचा जुना, गोडसर, जळका वास घरभर पसरला तशी मी सुनंदाच्या ओरडण्याची वाट पाहू लागलो. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि त्यांतली सोळा तरी या वासापायी माझे डबे तिनं अंगणात ठेवायला लावले होते. ती शाळेच्या वह्या तपासत बसली होती. लाल पेन हातात तसंच घेऊन ती उठून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"किती छान वास आहे हो," ती म्हणाली.

मी चमकून पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

आमच्यात भांडण असं कधी नव्हतं. मूल झालं नाही, त्याबद्दल एकमेकांना दोष दिला नाही, आणि हळूहळू इतर गोष्टींबद्दलही बोलणं राहिलं. ती तिच्या शाळेत रमली, मी माझ्या विमानांत. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी तिला हौसेनं देवास रोडवरच्या दताण्याच्या हवाई पट्टीवर घेऊन गेलो होतो. मी विमान आभाळात फिरवत होतो आणि ती सबंध वेळ गाडीत बसून स्वेटर विणत होती. त्यानंतर मी विचारलं नाही. पण दर रविवारी विमान वर गेलं की माझी नजर क्षणभर मागे, जिथे ती उभी असायला हवी होती तिथे जायची, हे मात्र खरं.

त्या रविवारी सुहासला ताप होता. विमान सुरू करताना मागून घट्ट धरून ठेवायला दुसरा माणूस लागतोच, मी बेत रद्द करायच्या विचारात होतो, तर चहाचा कप खाली ठेवत सुनंदा म्हणाली, "मी येते ना धरायला."

पट्टीवर पोचल्यावर तिला सगळं समजावून सांगायचं मी मनात घोळवत होतो. पण मी काही बोलायच्या आत तिनं पदर कमरेला खोचला, विमानाच्या मागे एक गुडघा टेकला आणि शेपटीच्या जरा पुढे, जिथे लाकूड सगळ्यांत मजबूत असतं नेमक्या तिथे, दोन्ही हातांनी त्याला धरलं. मी लाकडी पंख्याला काठीनं झटका दिला. इतकी वर्षं बंद असलेलं ते इंजिन दुसऱ्याच झटक्याला बोललं. मी इंधनाची सुई फिरवत आवाज जुळवू लागलो, तेवढ्यात न सांगता तिनं विमानाचं नाक आभाळाकडे उचललं. इंधन वर चढताना कमी पडतं का, हे असंच तपासतात. कान इंजिनाकडे लावून तिनं क्षणभर ऐकलं.

"दोन टिचक्या मागे घ्या," ती म्हणाली.

मी सुई दोन टिचक्या मागे घेतली, आणि त्या खरखरीतून एक भरदार, अखंड, तुपासारखा सूर लागला. माझ्या वीस वर्षांच्या अनुभवात कुठल्या इंजिनाला मी तसा सूर लावू शकलो नव्हतो.

"तुला कसं कळलं?" परत येताना मी विचारलं.

"कळलं," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेर गव्हाच्या शेतांकडे बघत राहिली. तिच्या हातांना अजून तेलाचा वास होता. घरी पोचल्यावरही तिनं ते लगेच धुतले नाहीत.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत सुखाचा. आम्ही दर रविवारी जात होतो. सुनंदा डब्यात पोहे घ्यायची, उतरल्या उतरल्या विमानाचे पंख जोडू लागायची, आणि विमान वर गेलं की कपाळावर हाताचा आडोसा धरून मान वर करून बघत राहायची. ती हसायला लागली होती. आठवड्याभरात तिच्या तोंडी गुणगुणणं ऐकू येऊ लागलं होतं. पट्टीवरचा चौकीदारसुद्धा म्हणाला, "मैडम तो साब, आपसे ज़्यादा शौक़ीन हैं." उडवून झालं की आतलं उरलेलं इंधन जाळून टाकणं, बेअरिंगना गंज चढू नये म्हणून तेलाचे थेंब सोडणं, हे मी करायचो ते सगळं ती स्वतः करू लागली, आणि करताना तिचा चेहरा एखाद्या आजाऱ्याला पाणी पाजावं तसा व्हायचा. मला वाटलं, उशिरा का होईना, ती माझ्यापर्यंत आली.

मग एकदा, जानेवारीत, विमान उतरवल्यावर ती म्हणाली, "हल्ली तुम्ही ते उलटं नेत नाही. अगदी खालून, पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलटं न्यायचात, मग एकदम सरळ करून वर."

"मी? मी कधी नेलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. किंचित निराशा होती, आपण चुकीच्या माणसाला काही विचारलं हे लक्षात आल्यावर होते तशी.

"नाही का?" ती म्हणाली आणि पंख सोडवू लागली.

विमान जमिनीलगत उलटं नेण्याची माझी छाती कधीच झाली नव्हती. हातभर चूक झाली तरी सगळं संपतं. 

फेब्रुवारीत इंजिनाची बेअरिंग वाजू लागली. नवी मागवली, पण ती यायला महिना लागणार होता, म्हणून मी दिल्लीहून एक नवं कोरं इंजिन मागवलं आणि विमानाला बसवलं. खरं सांगायचं तर जुनं इंजिन काढायला मला काहीतरी कारण हवंच होतं. नवं इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. सुनंदानं विमान धरलं होतं. दोन क्षण तिनं ऐकलं, आणि तिचे हात सैल पडले. मी धावत जाऊन विमान पकडलं नसतं तर ते तसंच पळत जाऊन धावपट्टीच्या कडेच्या बाभळीवर आदळलं असतं.

"हा नाही," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्यानंतर ती विझत गेली. शाळेत जायची, स्वयंपाक करायची, विचारलं तेवढं बोलायची. एका दुपारी मी पॉलिटेक्निकमधून लवकर परतलो, तर ती मागच्या खोलीत जमिनीवर बसली होती. जुनं इंजिन तिनं कानाशी धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं त्याचा दांडा अगदी हळू फिरवत होती. आत हवा दाबली जाऊन सुटताना एक उसासा यायचा, तो ऐकत होती. तिचे डोळे भरून आले होते.

"एवढा उशीर कधी करत नाही," ती म्हणाली.

"कोण?"

ती दचकली. "इंजिन," ती म्हणाली. "सुरू व्हायला म्हणते."

दुसऱ्या दिवशी मी इंदूरला गेलो आणि सुहासला घेऊन महूला. बंगल्यात आता कुठलंसं कार्यालय लागलं होतं, भिंतींना ताजा चुना होता. आधी कोण राहायचं, हे तिथल्या कारकुनाला माहीत नव्हतं. सामान विकणारा माळी गावी निघून गेला होता. परतीच्या वाटेवर सुहासनं विचारलं, "वहिनींना डॉक्टरला दाखवायचं का?" पण काय म्हणून दाखवायचं? ती आजारी नव्हती. तिला कुणाची तरी आठवण येत होती, एवढंच. मला ती अवस्था चांगली ओळखीची होती.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी इंजिन त्याच्या निळ्या फडक्यात बांधून मी राम घाटावर गेलो. क्षिप्रेत सोडून द्यायचं, असं ठरवलं होतं. आरतीची तयारी चालली होती. शेवटच्या पायरीवर मी फडक्याची गाठ हातात घेऊन उभा होतो, तेव्हा एक वृद्ध पंडे जवळ आले. त्यांनी माझ्या हातातल्या गाठोड्याकडे बघून हलक्या आवाजात विचारलं, "किसके फूल हैं बाबूजी? नाम-गोत्र बता दीजिए, विधि से करा देता हूँ."

अस्थींना तिकडे फूल म्हणतात. मी गाठोडं मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसलो. मांडीवरचं ते गाठोडं थंडीतही कोमट लागत होतं, कदाचित माझ्याच हातांनी. पाण्यात टाकलं असतं तर सुनंदा मला परत मिळाली असती का? जी मिळाली असती ती सतरा वर्षांपासून माझ्याकडे होतीच. मला पाहिजे होती ती मान वर करून हसणारी.

मी उठलो आणि घरी आलो.

बेअरिंग आली त्या दिवशी मी इंजिन पुरतं उघडलं, एकेक भाग रॉकेलनं धुतला, नवी बेअरिंग बसवली. सुनंदा समोर बसून स्क्रू हातात देत होती. त्याच्या आधी तीन आठवडे, रोज पहाटे, ती शाळेला निघायच्या आत, मी एकटाच दताण्याला जात होतो. नवं इंजिन लावलेलं दुसरं जुनाट विमान चौकीदाराला धरायला लावून मी उलटं उडवायला शिकत होतो. आधी खूप उंचावर, मग ताडाच्या उंचीला, मग त्याहून खाली. उलट्या विमानाला वर न्यायचं तर हातातल्या रेडिओवरची दांडी पुढे रेटावी लागते. हाताच्या सगळ्या सवयी मोडाव्या लागतात. दोनदा विमान जमिनीत घुसलं. दोनदा मी ते पुन्हा जोडलं. का करतो आहे, हे स्वतःला विचारलं नाही.

होळीनंतरच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. वारा नव्हता. सुनंदानं पदर खोचला, गुडघा टेकला, नाक आभाळाकडे उचललं, ऐकलं, आणि मान हलवली. सूर लागला होता. तिनं विमान सोडलं.

मी दोन फेऱ्या साध्या घेतल्या. मग दूर टोकाला नेऊन विमान पाठीवर उलटवलं आणि खाली आणलं, आणखी खाली, इतकं खाली की पट्टीवरचं वाळलं गवत त्याच्या वाऱ्यानं झुकताना दिसलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते आमच्या समोरून तसंच उलटं गेलं, तो भरदार सूर ओढत, आणि टोकाला मी ते सरळ करून एका रेषेत आभाळात सोडलं. दांडी धरलेले हात माझे आहेत असं त्या वेळी वाटत नव्हतं.

विमान उतरून पट्टीवर थांबलं तरी सुनंदा तिकडे गेली नाही. ती माझ्याकडे धावत आली. तेलकट हातांनी तिनं माझी बाही धरली, आणि सतरा वर्षं ज्याची वाट पाहिली तो चेहरा मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. लग्नापासून ती मला 'अहो' म्हणत आली होती. नावानं तिनं मला कधी हाक मारली नव्हती.

"गोपाळ," ती म्हणाली, "किती उशीर केलास रे."

ते माझं नाव नव्हतं, आणि आमच्या दोघांच्या घराण्यांत, मित्रांत, ओळखीत या नावाचं कुणी नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. मोकळी पट्टी, ऊन आणि लांब आपल्या खोलीच्या दारात बसलेला चौकीदार, एवढंच होतं. तिनं बाही सोडली नव्हती.

"हो," मी म्हणालो. "झाला खरा उशीर."