कुलूप ओढू नये

भीमरावांच्या जिभेला धार होती आणि त्यांना तिचं कौतुकही होतं. कचेरीत साहेबसुद्धा त्यांच्याशी जपून बोलायचे. घरी मात्र ती धार एकाच ठिकाणी चालायची, ती म्हणजे कांताबाईंच्या कुलपावर.

धायरीतल्या त्यांच्या सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर निघताना कांताबाई कुलूप लावायच्या, तीनदा ओढून बघायच्या, जिना उतरायच्या आणि पुन्हा वर जाऊन तीनदा ओढायच्या.

"एक दिवस दारच हातात येईल," भीमराव म्हणायचे.

"अहो, लागलंय ते कळतं मला. पण जीव राहत नाही."

एका रविवारी भीमरावांनी पाटी रंगवून आणली आणि दारावर ठोकली. ‘कुलूप लागलेले आहे. कांताबाईंनी ओढू नये. कडी थकली आहे.’ पुण्यात चांगली पाटी वाचायला लोक जिने चढून येतात. तसे आले आणि हसले. कांताबाईही हसल्या, सगळ्यांना चहा दिला.

त्यानंतर त्यांनी कुलूप कधी ओढलं नाही. भीमराव म्हणाले, मात्रा लागू पडली. हळूहळू भाजी तेच आणू लागले, लग्नांना एकटे जाऊ लागले, विहारात वंदनेलाही एकटेच. "गुडघे दुखतात," कांताबाई म्हणायच्या. माणूस घरातच राहिलं तर कुलूप लावायची वेळच येत नाही, हे साधं गणित भीमरावांना सहा वर्षं सुटलं नाही.

लेक चैताली आयटीत होती. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला फ्लॅट घेऊन तीन महिने झाले तरी आईने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. आईला न्यायला म्हणून ती आली आणि एकटीच परत निघाली. भीमराव तिला सोडायला गाडीपर्यंत गेले.

"बाबा, गुडघ्यांचं काही नाहीये. आमच्या कंपनीत एक मानसोपचारतज्ज्ञ आल्या होत्या. गॅस, कुलूप, मेल पुन्हा पुन्हा तपासणारे किती, म्हणून विचारलं त्यांनी. निम्म्या हॉलचे हात वर. माझाही."

"तुझाही?"

"एक मेल आठ वेळा वाचते मी. थोडंफार पुष्कळांना असतं म्हणे. जगणं अडायला लागलं की तो आजार, आणि त्यावर उपचार आहेत. फक्त हसलं की माणूस लपवायला लागतो."

भीमरावांना आपली नोकरी आठवली. प्रत्येक फाइलची पानं ते तीनदा मोजायचे. त्याला कचेरी काटेकोरपणा म्हणायची.

वर येऊन त्यांनी पाटी उचकटली आणि स्वयंपाकघरात गेले. कांताबाई मेथी निवडत होत्या.

"कांता, चुकलं माझं. आपण डॉक्टरांकडे जाऊ या. मांजरीलाही जाऊ."

कांताबाईंनी चार पानं निवडली.

"दोघांनी जायचं म्हणजे घर बंद करावं लागेल ना?" त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. मी आहे घरात."

भीमराव तिथेच पाटावर बसले. त्यांनी जुडी पुढे ओढली आणि पानं खुडायला लागले.