नाव नसलेला दहा

माझे वडील, धर्मपाल, अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात सव्वीस वर्षं बॉयलर सांभाळताहेत. मी पुण्यातल्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम कुंभारीतल्या घरूनच करते. त्या गुरुवारी बाबांच्या जिवावर बेतलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

झालं असं. बॉयलर तपासायला आलेल्या साहेबांनी सांगितलं, पत्रा झिजलाय. आता दहा किलो दाब चालायचा नाही, सातच्या वर नेऊ नका. दाब मर्यादेला पोचला की आगीत भुसा ढकलणारा फिरता स्क्रू आणि पंखा बंद करायचा, भोंगा वाजवायचा, हे काम एका जुन्या प्रोग्रामचं. तो लिहिणारी कंपनी कधीच बंद पडली. मूळ लिखाण कुणाकडेच नव्हतं. उरली होती ती फक्त तयार फाइल, म्हणजे बाइटकोड. माणसानं नाही, यंत्रानं वाचायचा.

मॅनेजर कुमारसाहेब म्हणाले, "संघप्रिया, तू बघ की. एक आकडा तर बदलायचाय."

मी फाइल उघडली. 'कमाल दाब' या नावाखाली दहा होते, तिथं सात केले. बॉयलरजवळच्या स्क्रीनवर 'मर्यादा ७' दिसायला लागलं. बाबा ज्याला त्याला सांगत सुटले, "माज्या पोरीनं केलंय."

बॉयलर तेव्हा थंड होता. दाब वाढला की आपोआप वाफ सोडणारा त्याचा सुरक्षेचा व्हॉल्व्हही अजून जुन्याच, दहाच्या दाबावर बसवलेला. तो बदलणारा माणूस शनिवारी येणार होता. पण माल अडला होता, म्हणून कुमारसाहेबांनी गुरुवारी सकाळीच आग पेटवायला लावली. प्रोग्राम आहे की, म्हणाले.

त्या दिवशी साडेदहाला मी घरी मीच लिहिलेलं एक साधन तपासत होते. त्याचं काम एवढंच: अशी तयार फाइल वाचायची, प्रोग्राम न चालवता तिच्यातल्या प्रत्येक स्थिर आकड्याला त्याची ओळख लावायची: कुठल्या भागातला, काय नावाचा, कशा प्रकारचा. आणि मग त्या ओळखीसकट फाइल परत लिहायची. हाताशी होती म्हणून बॉयलरचीच फाइल त्याला दिली.

यादी आली. 'कमाल दाब' हे नाव कोण कोण वापरतं? फक्त स्क्रीन.

मी पुन्हा वाचलं. स्क्रीन तेवढी दर वेळी नावाला विचारून आकडा घेत होती. बाकीच्या भागांत, प्रोग्राम तयार होतानाच, नावाच्या जागी आकडा चिकटवला गेला होता. नुसता दहा. मी नावाखालचा आकडा बदलला होता. त्याच्या चिकटवलेल्या नकलांना हातही लागला नव्हता. स्क्रीन सात सांगत होती आणि स्क्रू दहाची वाट बघत होता.

मी लगेच बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. शेडमध्ये आवाज इतका की ते फोन डब्याच्या पिशवीत ठेवतात. कुमारसाहेब शहरात नवी पेठेत व्यापाऱ्याकडे गेलेले, त्यांचा फोन लागेना. मी चपला न घालताच स्कूटर काढली. वाटेत कारखान्याच्या दिशेनं स्फोटाचा धूर दिसतो का, हेच बघत होते. दिसला नाही, की पुढच्या क्षणी दिसेल अशी भीती वाटायची.

वॉचमनला काही न सांगता आत पळाले. बाबा दाबाच्या काट्याकडे पाठ करून राख ओढत होते. रंगाईवाल्यांनी टाक्यांत पाणी भरेपर्यंत वाफ घेणं बंद केलेलं, त्यामुळे दाब चढत होता. काटा साडेआठवर होता.

"बाबा! आग बंद करा! सात झालं तरी बंद होणार नाही ते!"

त्यांनी वळून काट्याकडे बघितलं. एक शब्द विचारला नाही. लाल बटण दाबलं, स्क्रू थांबला, पंखा थांबला. पण जाळीवरचा भुसा जळतच होता. काटा नवाकडे सरकला. बाजूच्या सांध्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

"तू भाईर जा," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"मी हाय हितं. जा म्हन्लं ना!"

मी दारापर्यंत गेले. त्यापुढं पाय उचलेना. बाबा वाफ सोडायचं चाक हळूहळू फिरवत होते. एकदम उघडू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात ताणलेले. छतावरून वाफ गर्जत बाहेर पडली. साडेआठ. आठ. किती वेळ गेला कोण जाणे. काटा सातच्या खाली आला तेव्हा बाबा जमिनीवर बसले. मी शेजारी बसले.

"चूक माझी आहे, बाबा."

"व्हय, तुजी," ते म्हणाले. "अन् माजी बी. काटा बगायचं सोडून भोंग्याची वाट बगत व्हतो."

दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्यापुढं बसले. असा बिननावाचा दहा यादीत सात ठिकाणी होता. त्यातले दाबाचे कुठले, ते फाइलला माहीत नव्हतं. बाबांना होतं. "भोंगा दहा सेकंद वाजतोय, त्यो येक. पानी कमी झालं की पंप दहा मिनिटं चालतो, त्याला हात लावू नगंस, न्हायतर पानी अपुरं पडून बॉयलर कोरडाच जळंल." मी एकेकापुढं नाव लिहीत गेले. सरसकट सगळे बदलले असते तर पाण्याचाही घोळ झाला असता.

दाबाचे तीन निघाले. स्क्रू, पंखा आणि भोंगा. तिथला आकडा काढून मी 'कमाल दाब' हे नावच बसवलं. शनिवारी व्हॉल्व्ह बदलून झाल्यावर मर्यादा आधी दोन किलो ठेवून आग पेटवली. दोनला स्क्रू थांबला, पंखा थांबला, भोंगा वाजला. मग तीनला. मग सातला. कुमारसाहेब दारात उभे होते. त्यांनी त्या दिवशी घाई केली नाही.

बॉयलर आता नीट चालतो. तरी मी त्या शेडमध्ये गेले की आधी तो शिट्टी वाजलेला सांधा बघते, आणि बाबा हसले तरी मला हसू येत नाही.