तळची वाळू

मासे मेले त्या सकाळी आमच्या घरात सगळ्यांना आनंद झाला, मी सोडून.

माझा नवरा बिंग-केई याचं तो-क्वा-वान वस्तीत गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. गल्ल्यामागे खाऱ्या पाण्याची एक टाकी होती, आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली. नारिंगी पट्टेरी मासे, एक पिवळाधमक, आणि तळाशी चार बोटं पांढरी वाळू. मासे मेले त्या साली त्याच्या आतड्यात गाठ निघाली. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लवकर सापडली आहे, कापून काढली की सुटलात. शरदातला मूनकेकचा सण उलटल्यावरची तारीखही दिली. आम्हाला इतकंच करायचं होतं, की त्या तारखेला तिथे हजर राहायचं.

पण आमच्याकडे नणंदबाई आहेत. साऊ-पिंग ताई. आई गिरणीत असायची, म्हणून धाकट्या भावाला हिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलं, आणि तेव्हापासून तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. गाठीचं कळल्यावर ती एका फेंगशुईवाल्याला घेऊन आली. त्याने गॅरेजभर फिरून, चहा पिऊन निदान केलं, की दुखणं मोठं आहे आणि टाकी लहान. मोठी टाकी घ्या. मात्र जुनी वाळू न धुता, जशीच्या तशी नव्या टाकीत गेली पाहिजे. इतक्या वर्षांचं घराचं नशीब खाली बसलेलं असतं, धुतलं तर गटारात जाईल.

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. त्या टाकीची काच इतकी वर्षं मीच घासत होते. ती वाळू वरून पांढरी दिसते, पण काचेला नाक लावून बघितलं की खाली आधी करडी, मग काळी. माशांच्या गल्लीतला टाम, ज्याच्याकडून आम्ही सगळं आणायचो, त्याने मला बजावून ठेवलं होतं, की टाकी बदललीत तर वरवरची वाटीभर वाळू विरजणापुरती घ्या, बाकीची फेका. फेकवत नसेल तर खाऱ्या पाण्याने निवळ येईपर्यंत धुवा. तळचं ढवळलंत तर सगळी घाण एकदम पाण्यात उतरेल. हे सगळं मी ताईला सांगितलं.

"फाँग, तुला वाळूतलं कळतं," ती म्हणाली. "नशिबातलं नाही."

"नशिबाला कुजक्या अंड्यांचा वास येतो का हो, ताई?"

गाडीखाली निजलेला मेकॅनिक खुदकन हसला. बिंग-केईने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, ताई म्हणते तसं करू, वाळूच तर आहे.

मोठी टाकी आली आणि बादल्या भरभरून ती वाळू तिच्यात ओतली. अख्ख्या गॅरेजला नाक धरावं लागलं. पाणी काळपट झालं ते काही निवळेना, आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. सकाळी सगळे तरंगत होते. तो पिवळासुद्धा, जो माझ्या बोटातून खायचा. मी जाळी घेऊन उभी होते तेवढ्यात ताई आली. तिने टाकीसमोर हात जोडले, उदबत्ती लावली आणि रडायलाच लागली. आमच्यात मासे मेले की घरावर येणारं अरिष्ट त्यांनी अंगावर घेतलं असं म्हणतात. एखाददुसरा मेला तरी बरं वाटतं लोकांना. इथे तर एक उरला नव्हता.

"घेतलं रे राजा," ती भावाला म्हणाली. "तुझं त्यांनी घेतलं."

दुखणं कळल्यापासून धड न जेवलेला माणूस त्या दिवशी हंसाच्या भाजक्या मांसाचा आख्खा डबाभर भात जेवला. मेकॅनिकची टिंगल केली. मला इतकं बरं वाटलं, की माझ्या डब्यातलाही भात मी त्याला वाढला. आणि दुपारी त्याने दवाखान्यात फोन करून ऑपरेशन नको म्हणून सांगितलं.

मग माझं डोकं फिरलं. टाकीच्या तळातला काळा गोळा काढून वर्तमानपत्रावर घेतला आणि त्याच्या नाकाखाली धरला. म्हटलं, हे बघ, ह्याने मारलं त्यांना, तुझ्या गाठीने नाही. तो शांतपणे म्हणाला, मरणाला काहीतरी निमित्त लागतंच. त्याने नवे मासे आणले. तेही मेले. ताई म्हणाली, गाठ मोठी होती, अजून घेतायत. पुन्हा आणले, पुन्हा मेले, आणि प्रत्येक मेलेल्या माशागणिक माझा नवरा जास्त बरा होत गेला. फक्त कमरेचा पट्टा ढिला पडत होता. गॅरेजमधल्या टोच्याने तो पट्ट्याला नवी भोकं पाडून घ्यायचा आणि म्हणायचा, पोट कमी झालं, बरंच झालं.

मी विचार केला, मासे मरतात म्हणून यांचं फावतंय ना, मग जगवूनच दाखवते. मासे जगले, तर निदान हा म्हणेल की कुणी काही घेत नाहीये, चला दवाखान्यात. बहीण-भाऊ देवळात गेले होते तेव्हा टामला बोलावलं. आम्ही दोघांनी ती सगळी वाळू गोण्यांत भरून टाकून दिली. नवी वाळू, नवं पाणी, त्यात मीठ कालवून, आणि टामने स्वतःच्या टाकीतली वाटीभर मुरलेली वाळू विरजणाला आणली होती. पाणी काचेसारखं झालं. त्यानंतर आणलेले मासे जगले. खायला लागले, एकमेकांच्या मागे पळायला लागले. मी वाट बघत राहिले.

एके दिवशी ताई टाकीपुढे येऊन उभी राहिली. किती तरी वेळ बघत होती. मग समाधानाने म्हणाली, "बघ. आता घ्यायला काही उरलंच नाही."

छापा पडला तरी तिचा, काटा पडला तरी तिचाच. इतकी संतापले होते, आणि त्या संतापाचं करायचं काय तेच कळेना.

थंडी सुरू झाल्यावर एका दुपारी मी गॅरेजच्या मागे गेले, तर बिंग-केई मोरीपाशी वाकून स्वतःची चड्डी धूत होता. पाणी लाल होतं. मला बघून त्याने नळ मोठा सोडला.

"वाळू मी बदलली," मी म्हटलं. "टामने आणि मी. म्हणून जगतायत ते मासे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"आल्या आल्या बघितलं मी. वाळूचा रंग काय मला कळत नाही?" तो पिळत राहिला. "आणि आधीचे कशाने मेले तेही माहीत होतं. बादली ओतली तेव्हाच वास आला होता. मी काय आज मासे पाळतोय, म्हातारे?"

"मग तारीख का घालवलीस?"

"भीती वाटली. तिथे आडवं करतात, झोपवतात. उठायचं की नाही ते आपल्या हातात नसतं." चड्डी पुन्हा बुचकळत तो म्हणाला, "नाही म्हणायला काही कारण सापडत नव्हतं. ताईने आणून दिलं, मी घेतलं."

एवढे महिने मी त्याला मूर्ख समजत होते. मूर्ख असता तर परवडला असता. मी त्याच्या हातातली चड्डी घेतली, धुऊन पिळली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो.

डॉक्टर आता दुसऱ्या होत्या, तरुण. त्यांनी नव्याने फोटो काढले आणि आम्हाला बसायला सांगितलं. गाठ आता यकृतापर्यंत पसरली होती. बिंग-केईने विचारलं, ती जुनी तारीख परत मिळेल का, मी कधीही येईन. त्या म्हणाल्या, आता तारखेचा प्रश्न राहिला नाही.

परतीच्या मिनीबसमध्ये तो खिडकीशी बसला होता. म्हणाला, "ताईला वाळूचं सांगू नकोस."

"का? तिला कळायला नको?"

"तिला वाटेल तिनेच मारलं. तिने मला वाढवलंय गं."

मी पर्स उघडून मिनीबसचे सुटे पैसे मोजायला घेतले.

वसंत उजाडायच्या आत तो गेला. अंत्यविधीच्या दिवशी साऊ-पिंग ताई आणि मी भट्टीशेजारी बसून, त्याला वर खर्चायला म्हणून, कागदी नोटा जाळत होतो. ती अगदी एवढीशी झाली होती. नोटा तिच्या हातातून सुटून जमिनीवर पडत होत्या, मी त्या उचलून परत तिच्या हातात देत होते. मध्येच तिने माझं मनगट धरलं.

"टाकी लहान पडली गं, फाँग. अजून मोठी घ्यायला हवी होती."

सगळं माझ्या जिभेवर होतं. तळचा तो काळा गोळा, टाम, गोण्या, सगळं.

"हो ताई," मी म्हटलं. "लहानच पडली."